डोंगराईच्या गोधडीचा शंभरावा कोपरा

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी पंचवीस उंबऱ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई राहत होती, जिच्या हातात सुई आली की कापडाला जीव यायचा. तिचं नाव द्वारका.

गावाची देवी डोंगराई. थंडी सुरू झाली की देवीला गोधडी घालायची, अशी त्या गावची रीत होती. पण ती गोधडी कुणा एका घरची नसायची. प्रत्येक उंबऱ्यातून एक चौकोन यायचा, हातभर लांब आणि हातभर रुंद. मधल्या जागेत ज्या बाईला जे सुचेल ते तिने टाक्यांनी काढावं. कुणी घागर काढायची, कुणी मोर, कुणी नुसती पावलं. कोपऱ्यांचं मात्र सगळ्यांना सारखं. चारही कोपऱ्यांना लाल कापडाचा त्रिकोण लावायचा.

त्रिकोण लावायची पद्धत सोपी, पण हात सांभाळावा लागे. कोपऱ्यावर लाल कापडाचा छोटा तुकडा ठेवायचा, त्यावर तिरपी शिवण घालायची आणि तो तुकडा शिवणीवरून बाहेर उलटवायचा. झाला त्रिकोण. खाली जे जास्तीचं कापड उरतं ते कातरून टाकायचं, मात्र शिवणीच्या बाहेर करंगळीच्या नखाएवढं कापड राखून. तेवढं राखलं नाही तर वरून काहीच दिसत नाही. पण कापडाला ताण आला की दोरे निसटतात आणि शिवण तोंड उघडते.

सगळे चौकोन जोडले की चार घरांचे कोपरे एका ठिकाणी मिळायचे. चार लाल त्रिकोण मिळून एक लाल शंकरपाळं तयार व्हायचं. गोधडीभर अशी शंकरपाळी फुललेली असायची. लहान मुली विचारायच्या, एकाच घराने आख्खं शंकरपाळं का नाही करायचं? तेव्हा जुन्या बाया सांगायच्या की तशी रीतच नाही, चार घरं लागतात.

गोधडीत पाच रांगा आणि रांगेत पाच चौकोन. बरोबर मधला चौकोन कुणाचा, ते ठकूआत्या ठरवायच्या. ठकूआत्या गावातल्या सगळ्यात वडील. मधल्या चौकोनाला मान मोठा होता. पौर्णिमेला गोधडी देवीला पांघरली की दुसऱ्या दिवशी ती प्रसाद म्हणून त्या घरी जायची आणि थंडी सरेपर्यंत तिथेच राहायची. त्या गोधडीत निजवलेल्या तान्ह्याला थंडी बाधत नाही, असा सगळ्यांचा भाव होता.

गेली सात वर्षं मधला चौकोन द्वारकेचा होता. पण त्या सात वर्षांत तिला तो कधी इतका हवा नव्हता, जितका यंदा हवा होता. तिची लेक कावेरी बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिल्या खेपेला सासरी असताना कावेरीचं मूल आठव्या दिवशी थंडीने काकडून गेलं होतं. आता पौषात दिवस भरणार होते, ऐन कडाक्यात. द्वारकेने मनाशी धरलं होतं, यंदा देवीची गोधडी माझ्याच घरी यायला हवी. दिवाळी झाल्यापासून ती एकवेळच जेवत होती, अनवाणी चालत होती. आंघोळ केल्याशिवाय सुईला शिवत नव्हती. तिने आपल्या चौकोनात तुळशीवृंदावन काढलं आणि चारही कोपऱ्यांकडे चोच करून बसलेले चार हिरवे राघू. एकेका राघूला आठवडा लागला. पिसंन् पीस वेगळं दिसत होतं.

त्याच वर्षी गावातलं एक घर बंद झालं. घरची माणसं दूरगावी लेकाकडे गेली आणि पंचविसावी जागा रिकामी राहिली. ठकूआत्यांनी ती जागा कासाराच्या बायकोला दिली. तिचं नाव बायजा. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी बांगड्यांची पेटी घेऊन गावात आला आणि इथेच राहिला. घर होतं, चूल होती, पण अजून कुणी त्यांना गावचं म्हणत नव्हतं. गोधडीत चौकोन लागला की ते घर गावचं. त्यामुळे आत्यांचा निरोप आला तेव्हा बायजा घटकाभर दारातच उभी राहिली. मग पेटीच्या तळातून तिने आईचं लाल लुगडं काढलं. आईमागे तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

दुपारच्या वेळी सगळ्या बाया देवळाच्या ओट्यावर शिवायला बसायच्या. पहिल्याच दिवशी बायजाने पहिला त्रिकोण शिवला आणि उलटवला. त्याचं टोक असं नेमकं आलं की शेजारची गुरवीण आपलं काम ठेवून बघत राहिली. मग दुसरी सरकली, तिसरी सरकली. द्वारकेच्या भोवती दर वर्षी जसा घोळका व्हायचा, तसा यंदा बायजाच्या भोवती झाला. द्वारकेला आपला त्रिकोण दोनदा उसवावा लागला. तिने मान वर केली नाही, पण तिचे कान तिकडेच होते.

ती म्हणाली, "देवीची गोधडी आहे बाई. बांगड्या भरल्यासारखी घाई नको."

बायजा हसून म्हणाली, "बांगडी भरतानाच तर घाई चालत नाही, वहिनी. हात दुखतो."

बाया हसल्या. त्यात द्वारकेला वाईट वाटावं असं काही नव्हतं, पण तिला वाटलं. घरी जाताना कावेरी म्हणाली, आई, बायजामावशीची टोकं बघितलीस का, सुईच्या अग्रासारखी आहेत. पोटची लेकसुद्धा तेच बोलली म्हटल्यावर द्वारका झपाझप पुढे चालू लागली. त्या दिवसापासून तिला बायजाचं काहीच गोड दिसेना. बायजा दोरा ओवायची तेही दिसायचं, बायजाला कुणी गूळ-पाणी दिलं तेही दिसायचं. देवीपुढे डोळे मिटले तरी बायजाचा लाल त्रिकोणच समोर यायचा.

माणसाच्या मनात मत्सर असाच येतो. दार वाजवत नाही. आपल्याला वाटतं आपण देवाचं करतोय, आणि तो आपल्याच पाटावर येऊन बसलेला असतो.

चौकोन पुरे झाले. आता कोपरे कातरायचे राहिले. त्याचीही एक रीत होती. त्रिकोण ज्याने त्याने शिवावेत, पण कात्री एकाच हातात असावी, म्हणजे सगळ्यांचं राखलेलं कापड सारखं येतं. आजवर हे काम ठकूआत्या करायच्या. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी एकेक चौकोन मांडीवर घेऊन बोटांनी चाचपला. बायजाचा चौकोन हातात आला तेव्हा त्यांची बोटं थांबली. आपल्या सासूनंतर अशी शिवण हाताला लागली नव्हती, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळे चौकोन एका धोतरात बांधले, वर आपली कात्री ठेवली आणि ते गाठोडं द्वारकेच्या ओटीत घातलं.

"आता डोळे तुझे," आत्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुझा हात मला खात्रीचा."

केवढा मान होता तो. पण द्वारकेच्या कानात बायजाच्या शिवणीबद्दलचं मघाचंच वाक्य घुमत होतं. तिने ताडलं की यंदाचा मधला चौकोन बायजाचा. म्हणजे गोधडी कासाराच्या घरी जाणार. तिथे ना लेकरू, ना बाळंतीण.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर गाठोडं घेऊन बसली. कावेरी आत पडली होती. ऊन छान होतं. पंचवीस चौकोनांचे शंभर कोपरे. ती एकेक कातरत गेली, प्रत्येकाला करंगळीच्या नखाएवढं कापड राखून. गुरविणीचे कोपरे जाड होते, तेही सांभाळून कातरले. स्वतःचे कातरले. बायजाचा चौकोन तिने नकळत तळाशी ठेवला होता. तो शेवटी हाती आला. त्याचे तीन कोपरे तिने नीट कातरले. नव्याण्णव झाले.

शंभराव्याला कात्री थांबली. या कोपऱ्याच्या लाल कापडाला लुगड्याच्या काठाची बारीक पिवळी रेघ आली होती. उलटवल्यावर ती रेघ त्रिकोणाच्या मधोमध बसली होती, कुणी मुद्दाम काढावी तशी.

द्वारकेने स्वतःशी म्हटलं, मी काही उसवत नाही. मी फाडत नाही. कातरायचंच काम आहे, थोडं आतून कातरलं तर काय झालं. आणि तिने कात्री शिवणीला घासून नेली. एक सूतही राखलं नाही. मग तांब्यात निखारे घालून तिने सगळे चौकोन दाबून सरळ केले. वरून पाहिलं तर शंभरही कोपरे सारखे दिसत होते.

त्या दिवशीही ती एकवेळच जेवली. नेम मोडला नाही.

जोडणीच्या दिवशी सगळ्या जणी ओट्यावर जमल्या. चौकोनांना हळद-कुंकू वाहिलं. एकदा कुंकू लागलं की कुणी एकटीने, बाकीच्यांच्या नजरेआड, चौकोन हातात घ्यायचा नाही, अशी रीत होती. ठकूआत्यांनी मधला चौकोन उचलला. आत्यांच्या हातात हिरवे राघू होते.

आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. त्यांच्या मनात यंदा बायजाचा चौकोन होता. पण तीन दिवसांपूर्वी, गाठोडं द्वारकेकडे गेलं त्याच दिवशी, दिवेलागणीला बायजा त्यांच्याकडे आली होती. म्हणाली, आत्या, माझा चौकोन कडेला लावा, गोधडीत आला हेच पुष्कळ. मधला द्वारकावहिनींचा ठेवा. त्यांच्या घरी लेकरू यायचंय, माझ्या घरी पांघरायचं तरी कुणाला?

"तर हे असं आहे," आत्या म्हणाल्या. "पण मी तिला कडेला लावणार नाही. मधल्याला खेटून लावणार."

द्वारकेच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. ती बायजाकडे बघू शकली नाही. बायजा मात्र कावेरीसाठी ओट्यावर घोंगडी अंथरत होती.

आत्या चौकोन मांडू लागल्या. बायजाचा चौकोन त्यांनी द्वारकेच्या चौकोनाला लागून ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला आणि सोडला. पिवळ्या रेघेचा कोपरा द्वारकेच्या राघूच्या चोचीसमोर येऊन बसला.

द्वारका म्हणाली, तो जरा उलटा ठेवू या का. आत्यांनी विचारलं का म्हणून. रंग बरा दिसेल, असं काहीतरी ती पुटपुटली. आत्या हसल्या. "रंग मला दिसत नाही गं. म्हणून तर मी बरी मांडते."

जोडणी चार दिवस चालली. चारही दिवस द्वारका त्या कोपऱ्याच्या जवळ बसली. मागून एखादी पट्टी लावता आली तर, चार टाके जास्तीचे घालता आले तर, असं तिला वाटायचं. पण कुणी ना कुणी शेजारी असेच. आणि खरं सांगायचं तर, पट्टी लावायची तर कशाला लावतेस असं कुणी विचारलं असतं. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. घरी तिच्या घशाखाली घास उतरेना. कावेरी म्हणाली, आई, एवढा कडक नेम नको धरूस गं.

पाचव्या दिवशी ताण घ्यायचा होता. अस्तर घालण्याआधी चार बाया चार टोकांना उभ्या राहायच्या आणि डोंगराईचं नाव घेऊन जोडलेलं कापड तीनदा ओढायच्या. तीन ताण ज्याने सोसले ते कापड देवीच्या अंगावर जायला योग्य. जो चौकोन उसवला तो काढून टाकायचा. ज्या घरचा उसवला त्या घराने देवीला विरलेलं कापड दिलं असं समजायचं, आणि मग त्या घराला पुन्हा चौकोन मागायचा नाही.

पहिला ताण झाला. दुसरा झाला. द्वारका हात जोडून उभी होती. तिने आयुष्यात देवीकडे पुष्कळ मागणी केली होती, पण एवढ्या कळवळून कधीच नाही. तिसऱ्या ताणाला बारीक आवाज आला, कुणी कोरडं पान चुरगळावं तसा. पिवळ्या रेघेचा त्रिकोण शिवणीतून सुटला आणि लोंबू लागला. चार त्रिकोणांचं शंकरपाळं होतं, त्याला एका अंगाने भोक पडलं.

कापड खाली ठेवलं गेलं. मग गुरवीण म्हणाली की जुनं लुगडं होतं, विरलेलं असणार. दुसरी म्हणाली, बांगडीवाल्यांना कापडाची काय पारख. कातरण्यात काही चुकलं असेल, असं एकीच्याही मनात आलं नाही. ठकूआत्यांनी सुटलेला कोपरा चाचपला. सगळे दोरे पिंजले होते, हाताला काही कळण्यासारखं उरलं नव्हतं.

"कापडच विरलेलं असेल," आत्या जड आवाजात म्हणाल्या. "द्वारकेच्या हातून चूक व्हायची नाही."

ते शब्द द्वारकेला चटक्यासारखे लागले. कुणी तिच्यावर संशय घेतला असता तर ती भांडली असती, नाही म्हणाली असती. पण हा विश्वास तिला सहन होईना.

बायजा पुढे आली. तिने तो कोपरा तळहातावर घेतला. "आईचं लुगडं होतं," ती म्हणाली. "धुतलं तेव्हा ओढून बघितलं होतं मी. विरलेलं वाटलं नव्हतं. पण माझं चुकलं असेल." एवढं बोलून ती आपली सुई-दोऱ्याची पुरचुंडी बांधू लागली.

द्वारका फक्त गप्प राहिली असती तरी पुरे होतं. एवढंच. बायजाचा चौकोन निघाला असता, त्या जागी दुसरा लागला असता. मधले राघू तसेच राहिले असते, आणि गोधडी तिच्या घरी आली असती. पौषात नातवंड तिच्यात निजलं असतं. कुणाला कधीच कळलं नसतं.

तिने कावेरीकडे पाहिलं. कावेरी घोंगडीवर बसून पोटावर हात ठेवून बघत होती. द्वारकेला वाटलं, त्या लेकराच्या अंगावर मी हे पांघरणार का? दुसऱ्या बाईला उंबऱ्याबाहेर काढून मिळवलेलं?

"पुरचुंडी सोड, बायजा," ती म्हणाली. "कापड चांगलं आहे. कात्री माझी वाईट होती."

कुणाला समजलं नाही. मग द्वारकेने सगळं सांगितलं. नव्याण्णव कोपरे नीट कातरले आणि शंभरावा शिवणीला घासून कातरला. का कातरला तेही सांगितलं. तुझी टोकं माझ्यापेक्षा चांगली आली, हे मला बघवलं नाही, असं ती बायजाच्या तोंडाकडे बघून म्हणाली. मग तिने ठकूआत्यांची कात्री कनवटीची काढून त्यांच्या पायाशी ठेवली. मी आता हिला हात लावणार नाही, म्हणाली.

गुरवीण तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "एवढे उपास केलेस द्वारके. एक दिवस पोटभर जेवली असतीस आणि तेवढा कोपरा सोडला असतास, तर देवीला जास्त पटलं असतं."

द्वारका म्हणाली, "खरं आहे."

ठकूआत्यांनी पायाशी ठेवलेली कात्री चाचपली. सगळ्यांना वाटलं, आत्यांना आधीच कळलं असेल, जुनं माणूस आहे. पण आत्या म्हणाल्या, "मला कळलं नव्हतं. हिने सांगितलं नसतं तर मी मरेपर्यंत बायजाच्या आईच्या लुगड्याला नावं ठेवली असती. बायजा, मलाही माफ कर." आणि त्यांनी कात्री उचलून बायजाच्या हातात दिली. यापुढे कात्रीचा मान तुझा, म्हणाल्या.

आता कोपऱ्याचं काय करायचं? बायजाने तो उलटसुलट करून पाहिला. मग ती नेहमीच्या कामाचं बोलावं तसं बोलली. तिथे आता धरायला कापड उरलं नव्हतं. लहान त्रिकोण पुन्हा बसणार नाही, शिवण बरीच आतून घ्यावी लागेल, म्हणजे त्रिकोण मोठा होईल. आणि एक मोठा केला की समोरचे तिन्ही मोठे करायला हवेत, नाहीतर शंकरपाळं वाकडं दिसेल. एवढं सांगून ती अडखळली. समोरच्या तिघांत एक कोपरा द्वारकेचा होता. त्रिकोण मोठा केला तर तिथला राघू त्याखाली जाणार होता.

"जाऊ दे," द्वारका म्हणाली. "तीन आहेत अजून."

ती घरी गेली आणि पेटीतून लाल शालूचा तुकडा घेऊन आली. तिच्या लग्नातला शालू. नातवंडाच्या कुंचीसाठी तिने तो तुकडा जपून ठेवला होता. चार मोठे त्रिकोण त्यातून निघाले. बाकीच्या दोन कोपऱ्यांतला एक गुरविणीचा होता. तिने कुरकुरत का होईना, होकार दिला. बायजाने जोड सोडवून चारही त्रिकोण शिवले. राघू लाल कापडाखाली गेला, आधी चोच, मग पंख, मग शेपूट. द्वारका शेवटपर्यंत बघत राहिली. बायजाच्या आईच्या लुगड्यातला पिवळ्या रेघेचा तो तुकडाही फेकला नाही. बायजाने तो शालूच्या त्रिकोणावर मधोमध टाचून बसवला.

तीन कोपरे बायजाने कातरले. चौथा तिचा स्वतःचा होता. तिथे आल्यावर तिने कात्री फिरवली आणि मूठ द्वारकेकडे केली.

"मी धरते, वहिनी. तुम्ही कातरा."

द्वारकेचे हात पदरात लपले. "माझ्या हातून?"

"तुमच्याच हातून. नव्याण्णव बरोबर कातरलेत. शंभरावा राहिलाय."

द्वारकेने कात्री घेतली. डोळे भरून आल्यामुळे तिला शिवण नीट दिसेना, तेव्हा बायजाने आपली करंगळी शिवणीला लावून धरली. त्या करंगळीच्या बाहेरून द्वारकेने कातरलं. नखाएवढं राखायचं ते तिने बोटभर राखलं. पुन्हा ताण घेतला, तीनदा. कोपरा जागचा हलला नाही.

पौर्णिमेला गोधडी देवीला पांघरली. दुसऱ्या दिवशी द्वारकेनेच ती घडी करून डोक्यावर घेतली आणि अनवाणी जाऊन बायजाच्या घरी ठेवून आली. राघू मधे होते खरे, पण मान कुणाचा हे तिला आता कुणी सांगायला नको होतं. घरी येऊन तिने कावेरीसाठी आपल्या दोन जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. मनात धाकधूक होती. तरी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली आणि ती पोटभर जेवली.

पौषात एका सकाळी कावेरीला मुलगी झाली. थंडी अशी होती की घागरीतलं पाणी हाताला चावत होतं. द्वारका शेगडी फुंकत होती, वाकळ गरम करत होती. इतक्यात दारात बांगड्या वाजल्या. बायजा उभी होती, खांद्यावर देवीची गोधडी.

द्वारका म्हणाली, अगं, ती तुझ्या घरी राहायची, रीत आहे.

"थंडी इथे आहे, वहिनी," बायजा म्हणाली. "माझ्या घरी ती नुसती खुंटीवर असते. देवीला तरी ते आवडेल का?"

त्यांनी दोघींनी मिळून तान्हीला गोधडीत गुंडाळलं. आठवा दिवस आला आणि गेला. बाराव्या दिवशी बारसं झालं. मुलीचं नाव ठेवायला आत्या म्हणून बायजाला बोलावलं, कारण कावेरीला नणंद नव्हती. पाळण्यात मुलीने मूठ उघडली आणि पुन्हा मिटली ती गोधडीच्या त्या मोठ्या शंकरपाळ्यावर, जिथे द्वारकेचा शालू होता आणि बायजाच्या आईच्या लुगड्याची पिवळी रेघ होती.

तेव्हापासून त्या गावच्या गोधडीत एक शंकरपाळं बाकीच्यांपेक्षा मोठं असतं. शंभरावा कोपरा कातरायचा असतो तेव्हा एक बाई शिवणीला करंगळी लावून धरते आणि दुसरी कातरते. धरणारी आणि कातरणारी कोण, ते दर वर्षी बदलतं. आणि ज्या दोघींचं त्या वर्षी पटत नसेल, त्यांनाच मुद्दाम बसवतात.

तात्पर्य: दुसऱ्याचा कोपरा कापला की आपलंही शंकरपाळं मोडतं. चूक झालीच तर ती आपल्या तोंडाने सांगावी. आणि सांगणाऱ्याच्या हातात कात्री पुन्हा देण्याएवढं मन आपण राखून ठेवावं.